मदत हवी आहे: परदेशात नवीन, क्रेडिट हिस्टरी नाही, भाड्याचं घर कसं मिळवायचं?
नमस्कार मंडळी, नोकरीसाठी नुकताच परदेशात आलोय. घर बघायला गेलं की एजंट आधी इथली क्रेडिट हिस्टरी आणि जुन्या घरमालकाचं पत्र मागतो. आत्ताच आलेल्या माणसाने ते आणायचं कुठून? माझ्याकडे ऑफर लेटर, व्हिसा आणि पहिली पगाराची स्लिप आहे, बस्स. एक जण सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागतोय, करार नंतर करू म्हणतो आणि घर फक्त व्हिडिओवर दाखवलंय. तिथे मी पैसे अडकवणार नाही. कंपनी जामीन राहते का, कोणी विचारून बघितलंय? एचआरकडून नेमकं कसलं पत्र घ्यायचं? शिवाय डिपॉझिटवरून पुढे वाद नको, म्हणून ताबा घेताना काय काय लिहून घेता? भिंतीवरचे डाग, मीटरचं रीडिंग, अजून काही?