बाबांचा जीन रिपोर्ट आलाय, गोळी द्यायची की नाही? तातडीने मदत हवी

अदिती_नाशिक: रिपोर्टमध्ये स्टार टू / स्टार टू, पुअर मेटाबोलायझर असं आलंय आणि खाली लाल अक्षरात गोळीचा परिणाम कमी. डॉक्टर सोमवारपर्यंत बाहेरगावी. रात्रीची गोळी द्यायची की नाही एवढंच सांगा, प्लीज लवकर.

मिलिंद: कुठली गोळी? कशासाठी?

अदिती_नाशिक: अँजिओप्लास्टीनंतरची हो, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात ती, क्लोपिडोग्रेल ७५. सोबत अ‍ॅस्पिरिन.

केमिस्टदादा: मनाने बंद करू नका!! स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिवावर बेतेल. ही गोळी पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते, लिव्हरमधलं सीवायपी२सी१९ एन्झाइम तिला कामाला लावतं, बाबांच्या जीनच्या दोन्ही प्रती स्टार टू म्हणजे ते एन्झाइम जवळजवळ नाहीच. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, २०१० मध्येच यावर चौकटीतली, म्हणजे सगळ्यात कडक, वॉर्निंग टाकलीय. प्रासुग्रेल, टिकाग्रेलॉर हे पर्याय आहेत पण ते डॉक्टरच ठरवणार. स्टेंट कधी टाकला? स्ट्रोक झालाय का कधी? अ‍ॅसिडिटीची गोळी कुठली?

शिरीष_के: माझ्या मेहुण्याला टिकाग्रेलॉरने धाप लागायची, परत क्लोपिडोग्रेलवर आणला, पाच वर्षं ठणठणीत. जीन टेस्ट वगैरे फॅड आहे.

मिलिंद: मेहुण्याचे जीन तपासलेत का? मग तुलना कसली करताय. आणि फॅड कसं? २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या कोलेस्टेरॉल प्रचंड का वाढतं ते शोधताना पीसीएसके९ जीन हाती लागला, नंतर दिसलं की ज्यांच्यात तो जन्मतः बंद पडलेला असतो त्यांना हार्ट अटॅक कमी येतात, म्हणून तो रोखणारी इंजेक्शनं बनवली, २०१५ मध्ये बाजारात आली.

सुमनताई: अर्जुनसालीचा काढा द्या, आमच्याकडे सगळे घेतात.

केमिस्टदादा: ताई, आत्ता काढा नको. अदिती, उत्तर द्या ना!

अदिती_नाशिक: स्टेंट १२ दिवसांपूर्वी. आठ वर्षांपूर्वी छोटा स्ट्रोक येऊन गेलाय, तो आता बरा आहे म्हणून लिहिला नाही. अ‍ॅसिडिटीला ओमेप्राझोल.

केमिस्टदादा: हे आधी सांगायचं! स्ट्रोक होऊन गेलाय म्हणजे प्रासुग्रेल बाद. आणि ओमेप्राझोल तेच एन्झाइम अडवतं, तेही सांगा. सोमवारची वाट बघू नका, जिथे स्टेंट टाकला तिथल्या ड्युटीवरच्या कार्डिऑलॉजिस्टला आत्ताच फोन करा.

अदिती_नाशिक: केला. आजची गोळी द्या म्हणाले, उद्या सकाळी रिपोर्ट घेऊन बोलावलंय. खूप आभार दादा, हात थरथरत होते माझे.

शिरीष_के: टेस्टला किती लागले?