शेवटच्या सत्रात ऐच्छिक विषय कोणता घ्यावा?

प्रश्न: मी कोल्हापुरात बी.ए. अर्थशास्त्राच्या सहाव्या सत्रात असून, तीन वर्षांच्या पदवीसाठी लागणारे किमान १२० क्रेडिट पूर्ण होत आले आहेत. मात्र चौथ्या सत्रातील सांख्यिकीचा पेपर राहिला आहे. ऐच्छिक विषय कोणता निवडावा?

उत्तर १: आधी राहिलेल्या पेपरचा परीक्षा अर्ज भरा. एकूण बेरीज जुळली, तरी मुख्य, गौण आणि ऐच्छिक अशा प्रत्येक गटाचे क्रेडिट स्वतंत्रपणे पूर्ण व्हावे लागतात. गुणपत्रके घेऊन महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाकडून हिशेब तपासून घ्या.

उत्तर २: सहकार हा विषय उपलब्ध असल्यास तोच घ्यावा, साखर कारखाने आणि ‘गोकुळ’सारखा दूध संघ जिल्ह्यातच असताना प्रकल्पाला साहित्य कमी पडणार नाही. सोपा म्हणून भलताच विषय घेऊ नये.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. उद्याच परीक्षा विभागात जातो.