मदत हवी आहे: एका डिझेल इंजिनाची बोट, कोची ते कवरत्ती, जोडीला दुसरं काय बसवावं?

मंडळी, नाशकात हा प्रश्न कोणाला विचारावा तेच कळेना. गंगापूर धरणात बोट बंद पडली तरी काठ दिसत असतो. आमचं प्रकरण खुल्या समुद्राचं आहे.

मामा मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गोव्यात एक जुनी मोटरबोट घेतली. ३८ फुटी, फायबरची, बारा टनांच्या आसपास, एकच डिझेल इंजिन, शीड नाही. पावसाळा सरला की किनाऱ्याकिनाऱ्याने कोची आणि तिथून लक्षद्वीपमधलं कवरत्ती असा त्यांचा बेत आहे. (परवान्यांचं ते बघतायत, तो विषय इथे नको.) कोचीपर्यंतची मला फार चिंता नाही. वाटेत बंदरं आहेत, मच्छीमार आहेत, नांगर धरेल इतपत उथळ पाणी आहे. पुढे मात्र सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे २१६ सागरी मैल. मधोमध इंजिन गेलं तर कुठल्याही बाजूला १०८ मैल, आणि नांगर पोचेल असा तळ नाही.

शेजारचे काका ओझरच्या एचएएल विमान कारखान्यातून निवृत्त झालेत. त्यांचं एकच म्हणणं: मिग-२१ ला एक इंजिन, सुखोईला दोन, यातच काय ते समजून घे. मला पटत नाही. बोटीत दोन्ही इंजिनं बहुतेक वेळा एकाच टाकीतलं डिझेल पितात. पाणी किंवा बुरशीचा गाळ फिल्टरमध्ये आला की एकामागोमाग दोन्ही बसणार. आणि आत्ता पंखा (प्रोपेलर) कीलच्या, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याच्या, आडोशाला आहे. दोन बाजूंना दोन लावले की दोन्ही उघडे. त्यामुळे माझी अट अशी की दुसऱ्या इंजिनाची टाकी, फिल्टर, बॅटरी, शाफ्ट (इंजिनापासून पंख्यापर्यंतचा दांडा), पंखा, सगळं वेगळं हवं.

या अटीत जनरेटरवर हायड्रॉलिक मोटर चालवून तोच शाफ्ट फिरवण्याची कल्पना बाद होते. पंख्यात जाळं अडकलं तर मोटर काय करणार?

उरतात दोन. एक, बाजूला छोटं डिझेल इंजिन, स्वतःचा शाफ्ट आणि मिटणारा पंखा. उत्तम, पण तळाला नवं भोक पाडायचं आणि खर्च मोठा. दुसरा, मागे ब्रॅकेटवर दहा हॉर्सपॉवरचं जास्त रेट्याचं आउटबोर्ड (बोटीबाहेर मागे टांगायचं पेट्रोल इंजिन), २५ इंची शाफ्टचं. ब्रॅकेट मी इथेच अंबडला ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये करून घेईन.

हिशोब असा: सात नॉटला (तासाला सात सागरी मैल) साधारण ४० हॉर्सपॉवर लागते. ताकद वेगाच्या घनात बदलते असं धरलं तर चार नॉटला साडेसात पुरते. चार नॉटने १०८ मैल म्हणजे २७ तास. तासाला साडेतीन लिटर धरलं तर ९५ लिटर पेट्रोल! एवढं पेट्रोल बोटीवर ठेवायला मामा तयार नाहीत. वाफ हवेपेक्षा जड, गळाली तर तळात साचते आणि एक ठिणगी पुरते.

प्रश्न: लाटांत बोटीचं बूड वर आलं की आउटबोर्डचा पंखा हवेत फिरतो. प्रत्यक्षात किती त्रास होतो? आणि दुसरं इंजिन चालू असताना मुख्य पंखा मोकळा फिरू द्यावा की शाफ्ट बांधावा?

हर्णैकर: दादा, चार नॉट हे शांत पाण्यातले. समोरून दमदार वारा आला की दहा हॉर्सपॉवर जागच्या जागी उभी. थंडीत तिकडे वारा उत्तर-ईशान्येकडून असतो, म्हणजे अर्ध्यावर बंद पडलात तर मागे फिरू नका, कवरत्तीच गाठा. आणि आधी शाफ्टला दोर कापायचं कटर लावा. आमच्याकडे इंजिनापेक्षा पंख्यात जाळं अडकूनच बोटी जास्त थांबतात.

तेलपाणी: गिअरबॉक्सचं पुस्तक उघडा. काहींचा तेलपंप इंजिनाच्या बाजूने फिरतो. इंजिन बंद आणि पंखा पाण्याने फिरतोय, तर बेअरिंगना तेल मिळत नाही. तसं असेल तर शाफ्ट बांधाच, वेग थोडा कमी होईल. आउटबोर्ड ब्रॅकेट वरखाली सरकणारं करा, मधोमध नको, सुकाणूमागचं पाणी चुकवून एका बाजूला.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. कटरची ऑर्डर आजच देतो. मामांना पुस्तक बघायला सांगितलं, तर म्हणे गिअरबॉक्सवरची पाटीच रंगाखाली गेलीय, आधी ती खरवडावी लागेल. छोट्या डिझेलचा पर्याय अजून सोडलेला नाही. ज्यांनी जुन्या फायबर बोटीत दुसरा शाफ्ट टाकलाय, त्यांनी भोकाभोवतीचं लॅमिनेट (फायबरचे थर) किती जाड केलं ते कृपया सांगा.