विणकाम ग्रुप : क्रोशाच्या झिगझॅग पट्ट्या

वैदेही (बी-302): पट्ट्या रविवारीच जोडायच्या आहेत ना? माझी खाली 12 इंच आणि वर 15 भरतेय. 24 ओळी झाल्यात. सुई 4 मिमीची, लोकर सगळ्यांची तीच. फोटो टाकलाय. उजवी कड बघा कशी बाहेर निघालीय.

नलूकाकू (ए-101): कडेने मुक्या खांबांची (बुटक्या टाक्यांची) बॉर्डर घाल गं. सगळं झाकलं जातं.

सुषमाताई (बी-104): काकू, 3 इंच बॉर्डरने कसे झाकणार? वैदेही, शेवटची ओळ मोज. दर 10 टाक्यांवर सेफ्टी पिन लाव म्हणजे चुकणार नाही.

वैदेही: 68 😟

सुषमाताई: हवेत 57. एका झिगझॅगला 14, चारचे 56 आणि वर 1. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मेघना (ए-403): ताई, तोंडी सांगितलंत. लिहून टाका असं मी तेव्हाच म्हटलं होतं.

सुषमाताई: बरं, घ्या लिहून. सुरुवातीला 2 टाके एकत्र (दोनांचा एक). मग 5 खांब (उंच टाके), एका टाक्यात 3 खांब (शेंडा), 5 खांब, 3 टाके एकत्र (खाच). परत 5 खांब, शेंडा, असंच पुढे. चौथ्या शेंड्यानंतर 5 खांब आणि शेवटी पुन्हा 2 एकत्र. चार शेंड्यांत 8 वाढतात, तीन खाचांत 6 कमी होतात. उरलेले 2 दोन्ही कडांना कमी व्हायला हवेत. कडेचं ‘2 एकत्र’ राहिलं की ओळ वाढलीच.

वैदेही: पण ते मी दोन्हीकडे करते, एकदाही चुकवलं नाही.

देशमुख काका (सचिव): उद्या टाकी धुणार. 10 ते 1 पाणी बंद.

मेघना: काका, हा विणकामाचा ग्रुप आहे.

देशमुख काका: सोसायटीचा ग्रुप कोणी वाचत नाही. इथे सगळ्या जाग्या असतात.

शिल्पा (बी-201): 1 म्हणजे 1 ना काका? मागच्या खेपेला संध्याकाळी 5 ला पाणी आलं होतं.

नलूकाकू: बॉर्डर घाल म्हणते मी. दोन ओळी घाल हवं तर.

मेघना: वैदेही, फोटो मोठा करून बघितला. डावी कड सरळ आहे, म्हणजे बिघाड एकाच बाजूला आहे. उजवीकडच्या शेवटच्या शेंड्यानंतर कडेपर्यंत 6 टाके हवेत, तिथे 17 आहेत. 11 जास्त. रंग दर दोन ओळींनी बदलतेस, म्हणजे 24 ओळींत 11 वेळा, आणि दर वेळी उजवीकडेच. नवा रंग जोडल्यावर ओळीच्या सुरुवातीला उंचीसाठी साखळ्या किती घालतेस?

वैदेही: तीन. एरवी दोन.

मेघना: तिथेच आहे. तीन साखळ्या खांबाएवढ्या उंच दिसतात. परतीच्या ओळीत ‘2 एकत्र’ झाल्यावर त्या साखळीच्या डोक्यावर आणखी एक खांब घालतेस. बघ बरं.

वैदेही: हो गं! तो टाका राहिलाय असं वाटायचं 🙈

सुषमाताई: छान पकडलंस मेघना. वैदेही, साखळ्या दोनच घालायच्या आणि त्या टाक्यांत मोजायच्या नाहीत. लगेच पहिल्या टाक्यातच सुई घालायची. रंग बदलताना जुन्या रंगाच्या शेवटच्या टाक्याचा शेवटचा वेढा नव्या रंगाने ओढ. शेवटच्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेव, परतताना तिथेच थांब.

शिल्पा: माझी कड उलट आवळतेय. टाके 57 च आहेत, मोजले.

सुषमाताई: लोकर न तोडता कडेने वर नेतेस ना? दोन ओळींच्या उंचीएवढी सैल सोड. ताणलीस की कड चुण्या घेते.

शिल्पा: आणि खालची कड वाटीसारखी वळते त्याचं काय?

मेघना: पायाची साखळी, म्हणजे पहिल्या ओळीखालची, घट्ट झालीय. साखळी 5 च्या सुईने घालायची, पहिल्या ओळीपासून 4 ची. 59 साखळ्या, आणि सुरुवात सुईपासून तिसऱ्या साखळीत. हेही लिहून यायला हवं होतं.

सुषमाताई: आलं ना आता.

वैदेही: मग उसवू किती?

मेघना: पहिला जादा टाका चौथ्या ओळीत आलाय. तीन ओळी ठेव, बाकी सगळं उसव. मधूनच टाके कमी करून 57 वर आणलेस तर शेंडे एकाखाली एक येणार नाहीत आणि शेजारच्या पट्टीशी उतार जुळणार नाही.

नलूकाकू: 21 ओळी उसवायला सांगता पोरीला! बॉर्डर घातली असती तर एव्हाना झालं असतं.

सुषमाताई: काकू, बॉर्डर सगळ्याच पट्ट्यांना घालायची आहे, पण कड सरळ झाल्यावर. खांबाच्या एका ओळीला 2 मुके खांब, म्हणजे 24 ओळींना 48. तीन-तीन घातले तर झालर होते, एकेक घातला तर कड गोळा होते. ते काम तुम्हीच बघा, तुमचा हात एकसारखा आहे.

नलूकाकू: बघते. पट्ट्या शनिवारी दुपारपर्यंत माझ्याकडे हव्यात.

शिल्पा: कड इस्त्रीने सरळ केली तर?

मेघना: नको! ॲक्रिलिक आहे. इस्त्री टेकवली की लोकर चपटी पडते, परत फुलत नाही. चादरीवर पिना लावून ताण, इस्त्री वर धरून नुसती वाफ दे, आणि गार होईपर्यंत पिना काढू नकोस.

वैदेही: उसवलं. तिसऱ्या ओळीचे मोजले, 57. उसवलेली लोकर कुरळी झालीय, तशीच विणू?

सुषमाताई: लडी करून चार ठिकाणी सैल बांध, कोमट पाण्यात भिजव, न पिळता सावलीत टांग. आजच भिजव, उद्या पाणी नाही.

देशमुख काका: 10 ते 1. फक्त.