मदत हवी आहे: डेट्रॉइट, सेंट लुईस, बाल्टिमोरची तुलना कशी करू?

मंडळी, अमेरिकेतल्या ओस पडत चाललेल्या वस्त्यांवर एक लेख लिहितोय. 1950 ते 2020 या काळात डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाखांवरून सुमारे 6.4 लाखांवर आली, सेंट लुईसची साडेआठ लाखांवरून 3 लाखांवर. बाल्टिमोरची घट त्यामानाने कमी.

पण नुसते आकडे शेजारी ठेवणं मला पटत नाही. सेंट लुईस शहर 1876 मध्येच आपल्या काउंटीपासून (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागापासून) वेगळं झालं, त्यामुळे सुखवस्तू उपनगरं त्याच्या हिशेबात येतच नाहीत. ह्यूस्टनने मात्र आजूबाजूचा भाग गिळत हद्द वाढवली. मग गरिबीचं प्रमाण शहराचं धरायचं, की जनगणनेच्या छोट्या विभागांचं?

दुसरं, पडझड मोजायची कशी? डेट्रॉइटमध्ये लाकडी सुटी घरं पाडली की मोकळं गवत उरतं. बाल्टिमोरची विटांची घरं एकमेकांना चिकटलेली, एक पडलं की शेजारच्याची भिंत उघडी. रिकामी घरं मोजली तर डेट्रॉइट उगाच बरं दिसेल ना?

यापैकी कुठे राहिलेलं किंवा नगरनियोजनात काम केलेलं कुणी आहे का? 1930च्या दशकातले लाल रेघांचे कर्ज-नकाशे (घरकर्जासाठी धोक्याच्या मानलेल्या वस्त्या लाल रंगात दाखवणारे) आजच्या वस्त्यांवर कुणी ताडून पाहिलेत का, हेही सांगा.