फोटोशॉपमध्ये शालू कुंकवासारखा, जुन्या व्ह्यूअरमध्ये मळकट... असं का?

जुना_पीसी: आईबाबांच्या लग्नाचे फोटो पूर्वी एका स्टुडिओतून स्कॅन करून सीडीवर घेतले होते. परवा घरातला एक्सपीवाला पीसी सुरू केला, फोटोशॉप ७ मध्ये बघितलं तर आईचा शालू मस्त कुंकवासारखा लाल, हळदीचे हात वगैरे सगळं जिथल्या तिथे, पण तीच फाइल जुन्या व्ह्यूअरमध्ये उघडली की शालू मळकट आणि सगळ्यांचे चेहरे उतरलेले. स्क्रीन तोच, फाइल तीच. सीडी खराब झाली का हो? आईला अल्बम छापून द्यायचाय.

पिक्सेलवेडा: सीडी खराब असती तर फोटो उघडलाच नसता नाहीतर मध्ये पट्टे आले असते, काळजी करू नका. फाइलमध्ये रंग नसतातच, नुसते आकडे असतात, आणि कुठला आकडा म्हणजे कुठला रंग हे प्रोफाइल सांगतं. तुमची स्कॅन बहुतेक अडोबी आरजीबी नावाच्या, जास्त रंग मावणाऱ्या प्रोफाइलमध्ये असणार. एसआरजीबी म्हणजे साध्या स्क्रीनचं प्रोफाइल, त्यातला पूर्ण लाल २५५, ०, ० (लाल, हिरवा, निळा) असतो, तोच लाल अडोबी आरजीबीत साधारण २१९, ०, ० असा लिहिला जातो. फोटोशॉप प्रोफाइल वाचून बरोबर लाल दाखवतं, जुना व्ह्यूअर प्रोफाइलकडे बघतच नाही, २१९ तसाच स्क्रीनला देतो, मग मळकट दिसणारच. फोटोशॉपच्या खिडकीखालच्या पट्टीत छोटा बाण आहे, तिथे डॉक्युमेंट प्रोफाइल निवडून बघा काय येतंय.

डीटीपीताई: हेच आम्ही प्रेसमध्ये वर्षानुवर्षं भोगलंय! तेव्हा गॅमाचं पण लफडं होतं, म्हणजे कुठल्या आकड्याला स्क्रीन किती उजळ दाखवणार त्याचं, मॅकचा १.८ आणि विंडोजचा २.२, त्यामुळे मॅकवर केलेलं कव्हर गिऱ्हाइकाच्या पीसीवर काळपट दिसायचं आणि बोलणी आम्ही खायचो. मॅक २.२ वर आला तो थेट २००९ मध्ये, स्नो लेपर्ड ही मॅकची सिस्टिम आली तेव्हा.

जुना_पीसी: बघितलं, अडोबी आरजीबीच निघालं! आता एसआरजीबी प्रोफाइल असाइन करू की त्यात कन्व्हर्ट करू?

पिक्सेलवेडा: कन्व्हर्टच!! त्याने आकडे बदलतात पण रंग तोच राहतो. असाइनने आकडे तेच राहतात, फक्त अर्थ बदलतो, म्हणजे फोटोशॉपमध्येसुद्धा मळकट दिसायला लागेल. इमेज मेन्यूत मोड, त्यात कन्व्हर्ट टू प्रोफाइल, एसआरजीबी निवडा आणि सेव्ह ॲज करून वेगळी कॉपी ठेवा, मूळ फाइलला हात लावू नका. लॅबला ही कॉपी द्या, पण आधी एकच फोटो छापून बघा.

डीटीपीताई: आणि शालू घरात असेल तर काढा, दिवसाउजेडी प्रिंटशेजारी धरा, ट्यूबलाइटखाली नको.

जुना_पीसी: केलं! दोन्ही प्रोग्राममध्ये आता सारखंच दिसतंय. एक फोटो छापून आणला, आईने ट्रंकेतून शालू काढला, गॅलरीत धरून बघितला, लाल अगदी जुळतोय. शालूची जर मात्र फोटोत जास्तच पिवळी वाटते, मूळ प्रिंटच पिवळी पडली असेल का?

डीटीपीताई: तसंच असणार. अल्बममधल्या मूळ फोटोची पांढरी कड बघा, ती पिवळसर असेल तर स्कॅनमध्ये पण तेवढा पिवळा आलाय, तो वेगळा काढावा लागेल.