चवथीचे उरलेले पैसे: सुरुंग काढायला द्यायचे की पाय गेलेल्यांना?

डिचोलीकर_वाचक
नमस्कार मंडळी. आमच्या गावात वाचनालय आहे आणि त्याला जोडूनच तरुणांचं मंडळ. यंदा चवथीला देखावा साधा ठेवायचा आणि वाचलेली वर्गणी जमिनीत पेरलेल्या सुरुंगामुळे जायबंदी झालेल्यांसाठी द्यायची असं ठरतंय, कारण जम्मूतल्या सीमेवरच्या पूंछ-राजौरीकडच्या बातम्या वाचून पोरं अस्वस्थ झालीत, गुरं चारायला गेलेला माणूस तारेजवळ पाय गमावून परत येतो हे वाचवत नाही. ४ एप्रिलला सुरुंगांविषयी जागृतीचा आंतरराष्ट्रीय दिवस असतो, त्या दिवशी कार्यक्रम करून पैसे सुपूर्द करावेत असा विचार आहे. पण मंडळात दोन तट पडलेत. एक म्हणतो आधी जमिनीतले सुरुंग निघायला हवेत, तरच पुढचे पाय वाचतील. दुसरा म्हणतो ज्यांचे गेलेत त्यांचं काय? शिवाय एकाने सुचवलंय की गोव्यात घरोघरी पडून असलेले जुने कृत्रिम पाय आणि कुबड्या जमवून पाठवूया. यातलं काय करावं? कुणाला प्रत्यक्ष माहिती असेल तर सांगा.

पेडण्याचा_सॅपर
बाळ, मी सैन्यात इंजिनिअर्सकडे होतो, आता पेडण्याला निवृत्त. पहिली गोष्ट लक्षात घे, आपल्या सीमेवरचे सुरुंग लावणं-काढणं हे सैन्याचंच काम, तिथे कुठलीही संस्था जाऊन काढू शकत नाही, त्यामुळे देशातल्या सुरुंगांसाठी वर्गणी द्यायची म्हटली तरी घेणारं कोणी नाही. संसदेवरच्या हल्ल्यानंतर २००१-०२ मध्ये ऑपरेशन पराक्रम झालं तेव्हा राजस्थान, पंजाब, जम्मूकडे शेतकऱ्यांच्या उभ्या शेतात सुरुंग पेरावे लागले होते. लावताना नकाशा करतात, ओळी मोजतात, सगळं लिहून ठेवतात. पण वाळू सरकते, डोंगरउतारावर पाऊस आणि बर्फ माती खाली आणतात आणि सुरुंग नकाशातल्या जागी राहत नाही. एम-१४ जातीचा छोटा सुरुंग तळहातात मावतो, वजन जेमतेम १०० ग्रॅम, बाहेरून प्लास्टिक. ओढ्याच्या पाण्याबरोबर तो कुठेही जाऊन पडतो. त्याने माणूस बहुतेक मरत नाही, पाऊल जातं, आणि तो बनवलाय त्यासाठीच. वणवा लागला की ताबारेषेवर धडाधड फुटतात ते वेगळंच.
१९९७ च्या सुरुंगबंदी करारावर आपल्या देशाची सही नाही. सुरुंगांच्या वापरावर नियम घालणारा दुसरा एक प्रोटोकॉल आहे तो मात्र मान्य केलाय, त्यात कुंपण, खुणा आणि धातू शोधणाऱ्या डिटेक्टरला सापडेल इतकं लोखंड सुरुंगात असणं बंधनकारक आहे. गावकऱ्याला कुंपण माहीत असतं हो, पण म्हैस कुंपण ओळखत नाही आणि म्हशीच्या मागे माणूस जातोच.

मापुतो_ते_मडगाव
मी सुरुंग काढण्याच्या बाजूने बोलणार. नोकरीनिमित्त मोझांबिकमध्ये राहिलोय, तिथल्या जुन्या गोंयकार घरांतली माणसं अजून सांगतात की यादवी १९९२ ला संपली तरी गावाबाहेरच्या वाटेने जायची हिंमत होत नव्हती. तो देश सप्टेंबर २०१५ मध्ये सुरुंगमुक्त जाहीर झाला. म्हणजे हे काम संपतं, कंटाळवाणं असलं तरी संपतं! माणूस एक मीटर रुंदीच्या पट्ट्यात गुडघ्यावर बसतो, तोंडावर जाड काच, अंगात जड जॅकेट, आधी तार आडवी आहे का बघायचं, मग गवत अलगद कापायचं, मग डिटेक्टर फिरवायचा आणि आवाज आला की बाजूने तिरक्या सळईने हलकेच माती टोकरत जायचं. बहुतेक वेळा निघतं काय तर खिळा, बाटलीचं झाकण नाहीतर काडतुसाचं टरफल. पण प्रत्येक खिळा सुरुंग समजूनच काढावा लागतो. तिथे मोठ्या जातीचे उंदीरही वापरले, ते स्फोटकाचा वास घेतात आणि वजन इतकं कमी की सुरुंग फुटत नाही, लोखंडाच्या भंगाराकडे ढुंकून बघत नाहीत म्हणून काम फार पटापट होतं. अंगोलात प्रिन्सेस डायना जानेवारी १९९७ ला ह्युआंबोच्या सुरुंगपट्ट्यातून चालली तो फोटो सगळ्यांना आठवतो, पण अंगोलाचं काम अजून चालूच आहे. एक शेत मोकळं झालं की अख्ख्या वाड्याला मका पेरता येतो, पोरं शाळेला जवळच्या वाटेने जातात. पैशाचा यापेक्षा चांगला उपयोग मला तरी दिसत नाही.

फोंड्याचा_लिंबवाला
माझं काम कृत्रिम पाय बनवायचं. जुने पाय जमवू नका, कळकळीने सांगतो. पायाचा वरचा भाग म्हणजे सॉकेट, तो त्या एका माणसाच्या स्टंपचं, म्हणजे पाय कापल्यावर उरलेल्या भागाचं, प्लास्टर घेऊन बनवलेला असतो, दुसऱ्याला बसत नाही आणि जबरदस्तीने बसवला तर कातडी सोलून जखमा होतात. गुडघ्याचा सांधा, पाईप असले सुटे भाग चांगले असतील तर कामाला येतात, तेही वर्कशॉपने मागितले तरच. कुबड्या, वॉकर, व्हीलचेअर चालतील.
आता मोठी गोष्ट. पाय एकदा दिला की झालं असं नसतं. मोठ्या माणसाला तीन ते पाच वर्षांनी नवीन लागतो, वाढत्या मुलाला सहा महिने ते वर्षभरात. शिवाय मुलाचं हाड आतून वाढत राहतं, कातडीला टोचायला लागतं, मग पुन्हा ऑपरेशन. दहा वर्षांच्या पोराला सुरुंगाने गाठलं तर हिशोब करा जन्मभरात किती पाय लागतील. २०२३ मध्ये जगभरात सुरुंग आणि पडून राहिलेल्या स्फोटकांनी ५,७५७ जण मेले किंवा जखमी झाले अशी नोंद आहे, त्यातले ८४ टक्के साधे नागरिक. ह्या आकड्यातले जे जगले त्यांना आयुष्यभर वर्कशॉपच्या फेऱ्या आहेत.

सत्तरीची_बाय
माझा पाय सुरुंगाने नाही, ट्रकखाली गेला, गुडघ्याखालून. तरी लिहिते कारण गावात पाय लावून राहणं काय असतं ते मला ठाऊक आहे. आमचं घर उतारावर, चिऱ्यांच्या पायऱ्या, पावसात शेवाळ धरतं. पाय मिळाला तेव्हा सगळ्यांनी फोटो काढले. मग जून लागला. घामाने आणि दमट हवेने सॉकेट आतल्या आत सरकायला लागलं, मोजे वाळत नव्हते, ओला मोजा घातला की फोड आणि फोड आला की पाय काढून आठवडाभर घरात. कुळागरात सुपारी वेचायला ओणवं व्हावं लागतं, उकिडवं बसावं लागतं, पाटाच्या पाण्यातून जावं लागतं. पूंछची बाईसुद्धा गवत कापायला, पाणी आणायला अशीच जात असणार. तिला भारी विदेशी पायापेक्षा चिखलात चालणारा पाय हवा. आणि घराबाहेर पडायचं कारण हवं, म्हणजे काम! मला दोन वर्षं सगळे 'बसून रहा, आम्ही आहोत ना' म्हणत होते, त्याने माणूस आतून खचतो.

फोंड्याचा_लिंबवाला
ताई, अगदी बरोबर. जयपूर फूट त्यासाठीच वेगळा. साठच्या दशकाच्या शेवटी रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराने आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी तो केला, त्यावर उकिडवं बसता येतं, अनवाणी चालता येतं, चिखलातही. आणि कामाचं म्हणाल तर काबूलमध्ये रेडक्रॉसचं केंद्र आल्बेर्तो कैरो यांनी वर्षानुवर्षं चालवलं, तिथे पाय बनवणारे बहुतेक कर्मचारी स्वतःच अपंग, शिवाय बरे झालेल्यांना धंद्यासाठी बिनव्याजी कर्ज. पायाबरोबर रोजगार, हे तिथे फार आधी कळलं.

डिचोलीकर_वाचक
सगळ्यांचे आभार. जुने पाय जमवायचं तर रद्दच केलं, पोरांना हा धागा वाचायला दिलाय. मापुतोवाल्या दादांचं म्हणणं पटतं, पण बाहेरच्या देशात पैसे पाठवायला आमच्या नोंदणीकृत मंडळाला जमेल का?

मापुतो_ते_मडगाव
नोंदणीकृत संस्थेने देणगी देशाबाहेर पाठवायची तर कर आणि परवानगीची भानगड आहे, आधी सीएला विचार. कुणाला वैयक्तिक द्यायचे असतील तर त्याने आपापले द्यावेत, मी देतोच. मंडळाचे पैसे देशातच ठेवा.

फोंड्याचा_लिंबवाला
जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून फुकट पाय बसवते, बाहेरच्या देशांतही शिबिरं घेते. त्यांना पत्र लिहून विचारा की तुमच्या रकमेतून पूंछ-राजौरीकडच्या माणसांचा जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च निघेल का. पाय फुकट असतो हो, पण डोंगरातल्या गावातून तिथवर पोचायचं भाडं आणि बुडालेली मजुरी कोण देणार? पुष्कळ जण दुसऱ्या पायासाठी येतच नाहीत ते ह्याच कारणाने.

सत्तरीची_बाय
आणि पत्रात स्टंपच्या मोज्यांचंही विचार रे बाबा. एकेकाला निदान सहा जोड तरी हवेत.